पुलापलीकडची बायको

आल्बिना म्हातारी सकाळी कॉफीत भिजवलेला पाव खायची, पण पहिला घास समोरच्याने खाऊन दाखवला तरच. तिचे डोके हळूहळू विझत चालले होते. एकदा तिने स्वतःच्या मुलीवरच विष घातल्याचा आळ घेतला आणि तेव्हापासून ही रीत पडली. म्हणून वेल्डा रोज एक घास स्वतःच्या तोंडात घालायची, "बघा आई, आहे ना मी जिवंत?" म्हणायची, आणि मग म्हातारी हसून तोंड उघडायची.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळीही हेच चालले होते. कापणी झालेल्या मक्याच्या रानांवर बर्फ साचले होते. मार्सेला होशेक, म्हणजे आल्बिनाची मुलगी, उजाडताच टपालाची गाडी घेऊन वस्त्यांच्या रस्त्याला गेली होती. जाताना तिने वेल्डाला बजावले होते की रस्ता निसरडा आहे, यायला उशीर होईल, आणि आज तरी कोबी शिजवू नकोस, घरभर वास राहतो. वेल्डाने कोबी आधीच चिरून ठेवला होता.

दार वाजले तेव्हा घास वेल्डाच्या हातात होता. दारात शेरीफच्या कचेरीतला शिपाई उभा होता, कोवळाच होता, टोपी काढून हातात धरलेली.

"घरचं कुणी आहे का?" त्याने विचारले.

"मी आहे ना."

"तसं नव्हे बाई. घरचं. नात्यातलं."

वेल्डाने पुन्हा सांगितले की मीच इथली, सव्वीस वर्षं याच घरात राहते. पोरगा कानकोंडा झाला. त्याला नियम शिकवलेला होता: अशी बातमी आधी रक्ताच्या किंवा लग्नाच्या माणसाला द्यायची. वेल्डाच्या खांद्यावरून त्याला स्वयंपाकघरात बसलेली म्हातारी दिसली. तो अंग चोरून आत गेला, तिच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसला, आणि त्याने आल्बिना होशेक यांना कळवले की त्यांची मुलगी मार्सेला हिची गाडी रस्त्याकडेला उभी सापडली, इंजिन चालू होते, हृदय बंद पडले असावे, फार त्रास झाला नसावा.

आल्बिनाने त्याच्या गार गालाला हात लावला आणि विचारले, "जेवलास का रे बाळा?"

वेल्डा त्याच्या मागे उभी होती. बातमी तिने पाठमोऱ्या माणसाकडून ऐकली. पोरग्याने उठताना तिच्याकडे पाहिले, आणि तिचा चेहरा पाहून त्याला कळले की आपण कुणाला सांगायला हवे होते. पण तेव्हा उशीर झाला होता, आणि नियमाप्रमाणे त्याचे काम संपले होते.

*

ब्रेझनो हे गाव बोहेमियातून आलेल्या लोकांनी वसवलेले. एक चर्च, एक धान्याचे कोठार, एक नाचाचा हॉल, आणि प्रत्येकाला प्रत्येकाच्या आजोबांची कुलंगडी पाठ. वेल्डा थोरेल ही बाहेरची, स्वीडिश वळणाची, उंच हाडाची बाई. ती कोठारावरच्या वजनकाट्यावर कामाला आली आणि वर्षभरात मार्सेलाच्या घरी राहायला गेली. गावाला सगळे ठाऊक होते आणि गावाने कधी विचारले नव्हते. नाताळचे आमंत्रण दोघींच्या नावाने यायचे. हॉलमध्ये पोल्का नाचाची धून सुरू झाली की दोघी एकमेकींबरोबर नाचायच्या. बायका बायकांबरोबर नाचतातच, कोण बोट ठेवणार? समोरच्या घरातली ब्लांश कोव्हार तर वेल्डाला आपली जिवाची मैत्रीण म्हणायची.

दोन हजार साली ब्रेझनो ज्या राज्यात येते तिथल्या लोकांनी मतदान करून घटनेत एक वाक्य घातले. एक पुरुष आणि एक स्त्री यांचेच लग्न इथे वैध. दोन बायकांचे किंवा दोन पुरुषांचे नाही, आणि ते दुसरीकडे कुठे लागले असले तरी इथे मानले जाणार नाही. शंभरातल्या सत्तर जणांनी होकार दिला. निकाल लागला त्या दिवशी मार्सेलाने नेहमीसारखे टपाल वाटले. प्रत्येक पेटीत पत्र टाकताना ती मनात म्हणायची, हा त्या सत्तरातला की तिसातला? संध्याकाळी तिने वेल्डाला सांगितले की हा खेळ बंद करायला हवा, नाहीतर मला उद्यापासून टपाल वाटता येणार नाही.

नऊ वर्षांनी मिझुरी नदीच्या पलीकडच्या आयोवा राज्यात असे लग्न कायदेशीर झाले. नदीवरचा पूल घरापासून अर्ध्या तासावर. मार्सेलाने रजा टाकली. आल्बिनाला एकटी ठेवता येईना, म्हणून तिलाही चांगला झगा घालून मागच्या सीटवर बसवले. तिथल्या कचेरीत लग्न लागले, म्हातारीने केक खाल्ला, जुने बोहेमियन लग्नगीत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले आणि त्यातले एक वाह्यात कडवे दोनदा म्हटले. परतताना पुलाच्या मध्यावर मार्सेलाने गाडी हळू केली.

"इथपर्यंत तू माझी बायको," ती म्हणाली. "हा खांब ओलांडला की भाडेकरू. पट्टा बांध."

दोघी हसून हसून रडल्या होत्या.

ओमाहाच्या वकिलाने बजावले होते की ते लग्न इथे चालायचे नाही, दोघींनी मृत्युपत्रे करून ठेवा. वेल्डा मागे लागायची. मार्सेला टाळायची. तिच्या वडिलांनी मृत्युपत्र केले त्याच हिवाळ्यात ते गेले होते, आणि एरवी कशाला न भिणारी ही बाई त्या एका गोष्टीला भीत होती. बर्फ वितळू दे, मग जाऊ, असे ती तीन हिवाळे म्हणत आली.

त्या मधल्या काळात म्हातारीचे हगणेमुतणेही करावे लागू लागले. मार्सेलाचा भाऊ लिओनार्ड लिंकनला राहायचा, ट्रॅक्टरचे मोठे दुकान चालवायचा. त्याने फोनवर सांगितले की आईला वृद्धाश्रमात ठेवणे बरे दिसणार नाही, आणि वेल्डा आहेच की घरात. म्हणून वेल्डाने वजनकाट्यावरची नोकरी सोडली. लिओनार्ड वर्षातून दोनदा यायचा, निघताना वेल्डाचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणायचा की तू आमच्यावर फार उपकार करतेस. सुनेचे सगळे कष्ट तिच्या वाट्याला आले होते. सून हा शब्द तेवढा कुणी दिला नव्हता.

*

बातमीनंतर गाव धावून आले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर भांड्यांना जागा उरली नाही. बदकाचे मांस, डम्पलिंग, आंबवलेला कोबी, खसखशीच्या पोळ्या. वेल्डाला मिठी मारून बायका रडल्या. ब्लांश दोन दिवस घरी गेली नाही.

आणि मार्सेला कुठे होती? ती अंत्यविधी करणाऱ्याच्या ताब्यात, शेजारच्या गावी. वेल्डा तिचा हिरवा कोट घेऊन तिथे गेली. मार्सेलाने मागेच सांगून ठेवले होते की मला त्यातच ठेव, त्या काळ्या पोशाखात मी नन दिसते. मालक सभ्य माणूस होता. त्याने तिला बसवले, पाणी दिले, आणि सांगितले की कपडे, पेटी, जागा, सगळे लिओनार्डसाहेब ठरवतील. नवरा किंवा बायको नसली तर आई, आईचे चित्त ठिकाणावर नसेल तर भाऊ. त्यांची हरकत नसेल तर आपण बघू शकता. त्याने तिच्यासमोरच लिओनार्डला फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतले, आणि मग म्हणाला की कुटुंबाची इच्छा आहे की तूर्त कुणी पाहू नये.

हिरवा कोट मांडीवर घेऊन वेल्डा परत आली.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत लिहिले होते की कै. मार्सेला यांच्या मागे आई, भाऊ, भावजय, दोन भाच्या आणि लाडका कुत्रा शेप असा परिवार आहे. ब्लांशने ती वाचली आणि पुन्हा वाचली, मग म्हणाली, "अगं, राहून गेलं असेल."

"कुत्रा नाही राहून गेला," वेल्डा म्हणाली.

चर्चमध्ये पुढची दोन बाकडी कुटुंबासाठी दोरी लावून ठेवली होती. वेल्डा आल्बिनाला हाताला धरून तिथपर्यंत घेऊन गेली, कारण म्हातारी दुसऱ्या कुणाबरोबर चालेना. लिओनार्डने आईला हळूच स्वतःकडे घेतले, दोरी पुन्हा अडकवली आणि वेल्डाच्या कानात सांगितले की मागे जागा आहे. आवाज मायेचा होता. वेल्डा पाचव्या रांगेत बसली. प्रार्थना चालू असताना आल्बिना सारखी मागे वळून बघत राहिली आणि शेवटी मोठ्याने म्हणाली, "ती पोरगी तिकडे का बसलीय? तिला भूक लागेल." लिओनार्डच्या मुलीने तिला गप्प केले.

*

आठवडाभराने लिओनार्ड स्वयंपाकघरात येऊन बसला. बरोबर त्याची बायको होती, तिने येताना केक आणला होता. त्याने प्रांजळपणे सांगितले की त्याला वाद नको आहे. घर मार्सेलाच्या एकटीच्या नावावर. ती अविवाहित आणि निपुत्रिक वारली, म्हणून कायद्याने घर आईकडे जाते. आईला समजत नाही, म्हणून तो तिचा पालक नेमला जाणार. मे महिन्यात कोर्टात तारीख आहे.

वेल्डाने विचारले, "अविवाहित?"

"वेल्डा, त्या आयोवाच्या गोष्टीबद्दल मी तुला कधी काही बोललोय? ते तुमचं तुमच्यापाशी. मी कायद्याचं सांगतोय."

मग त्याने मुद्दा काढला. मागची खोली तिला राहू द्यायची त्याची तयारी होती. आई आहे तोपर्यंत. जेवणखाण, वर महिन्याला थोडा पगार. फक्त वकिलाचे म्हणणे असे की पुढे भांडण नको म्हणून तिने कोर्टात शपथेवर एवढे सांगावे की ती या घरी म्हातारीच्या देखभालीसाठी राहणारी बाई होती, मार्सेलाशी तिचे दुसरे नाते नव्हते.

"आईला तुझी सवय झालीय," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय ती जेवत नाही. आश्रमात टाकली तर महिनाभरही टिकायची नाही. आता तूच बघ."

ही धमकी नव्हती. हा माणूस खरेच आईच्या काळजीने बोलत होता, आणि म्हणूनच त्या बोलण्यातून सुटका नव्हती. ज्या म्हातारीच्या नावाने घर जायचे होते, तिलाच वेल्डाने दुपारी भरवायचे होते.

ब्लांशने तसे सांगून टाक, असाच सल्ला दिला. ती म्हणाली, "शब्दानं काय होतं गं? तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, देवाला ठाऊक आहे. डोक्यावर छप्पर राहील. म्हातारी राहील." पाद्रीही आडून आडून तेच म्हणाले. गावात एकही माणूस तिच्याशी वाईट वागला नाही. प्रत्येकाने तिच्या भल्यासाठी सांगितले की मार्सेला तुझी कुणी नव्हती असे म्हण.

वेल्डाने खूप विचार केला. मार्सेला असती तर काय म्हणाली असती, असे मनाला विचारून पाहिले. तिने नक्कीच शिवी दिली असती, पण कुणाला, ते वेल्डाला ठरवता येईना. अखेर तिने लिओनार्डला फोन करून सांगितले की मी तसे सांगेन. आईसाठी सांगेन.

*

कोर्टाची खोली लहान होती. ब्लांश मागे येऊन बसली होती. आल्बिनाला चाकाच्या खुर्चीतून आणले होते आणि वेल्डाने तिला तोच लग्नातला झगा घातला होता, कारण दुसरा धुवायला पडला होता.

न्यायाधीश पिकल्या केसांचे, सौम्य बोलणारे गृहस्थ होते. म्हातारीचे चित्त पाहायचे म्हणून त्यांनी तिलाच दोनचार प्रश्न विचारले. आज वार कोणता? तिने सांगितले की भाकरी भाजायचा वार. राष्ट्राध्यक्ष कोण? तिने लाजून सांगितले की मी त्यांना भेटलेली नाही. मग त्यांनी लिओनार्डकडे बोट दाखवून विचारले, हे कोण?

"तो होय? विमावाला. येतो तेव्हा सही मागतो."

लोक हसले. लिओनार्डही कसनुसा हसला.

"आणि या बाई?"

आल्बिनाने वेल्डाकडे पाहिले. तिचा चेहरा उजळला. परीक्षेत येत असलेला प्रश्न विचारल्यावर मुलाचा उजळतो तसा.

"ती माझ्या मार्सेलाची बायको," ती म्हणाली. "लग्नाला मी होते ना. नदीपलीकडे. केक कोरडा होता."

कुणी हसले नाही. लिओनार्डचा वकील उठला. त्याने नम्रपणे सांगितले की साहेबांनी स्वतःच पाहिले. वृद्ध महिला पोटच्या मुलाला ओळखत नाही, आणि घरकामाच्या बाईला मुलीची बायको म्हणते. चित्तभ्रमाला आणखी पुरावा नको. न्यायाधीशांनी मान हलवली आणि लेखनिकाला तसे टिपून घ्यायला सांगितले.

लेखनिकाची बोटे चालू लागली. त्या म्हातारीने अख्ख्या वर्षात बोललेले एकमेव धडधडीत खरे वाक्य तिच्या वेडाचा पुरावा म्हणून सरकारदरबारी जमा झाले.

मग वेल्डाला बोलावले. तिने शपथ घेतली. वकिलाने पढवल्याप्रमाणे सोपा प्रश्न विचारला: आता म्हातारीबाई आपल्याबद्दल जे बोलल्या, ते त्यांच्या आजारामुळे, बरोबर?

वेल्डाने आल्बिनाकडे पाहिले. म्हातारी तिच्याकडे बघून मान डोलावत होती, बरोबर उत्तर दिले ना मी, असे विचारत होती. वेल्डा घरून ठरवून आलेले वाक्य शोधू लागली. ते होते, जिभेवर होते. एवढे म्हटले की घर, खोली, ही म्हातारी, सगळे राहणार होते.

"लिओनार्ड त्यांचा मुलगा आहे," ती म्हणाली. "तेवढं त्या विसरल्या. बाकीचं खरं आहे."

वकील गडबडला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. ते रागावले नाहीत. त्यांनी समजावले की बाई, आपण कुठल्या राज्यात काय केले ते या न्यायालयाला दिसत नाही. घटना तसे सांगते. त्यात माझा काही इलाज नाही. "मयताशी आपलं नातं काय, एवढंच सांगा. मैत्रीण म्हणा, भाडेकरू म्हणा, जे असेल ते."

"बायको."

"तो शब्द मला लिहून घेता येत नाही."

"मग यांना वेडं ठरवताय त्या कागदावर माझंही नाव लिहा," वेल्डा म्हणाली. "आम्ही दोघींनी तेच सांगितलंय. एकीचं वेड आणि दुसरीचं काय?"

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी लेखनिकाला सांगितले, साक्षीदाराचे मयताशी नाते नाही, असे लिहा.

*

महिनाअखेर वेल्डाने घर सोडले. लिओनार्डने कुलूप बदलले, पण कुत्रा तिला नेऊ दिला, त्याच्या बायकोला केसांचा त्रास व्हायचा म्हणून. गावात कपडे धुण्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथे ती राहू लागली. वजनकाट्यावर जुनी जागा भरली गेली होती. तिला सुगीपुरते काम मिळाले.

आल्बिनाला लिंकनच्या वृद्धाश्रमात ठेवले. वेल्डा पहिल्याच रविवारी गेली. दारावरच्या मुलीने विचारले, नात्यातल्या का? कुटुंबाने दिलेल्या नावांत तिचे नाव नव्हते. वेल्डाने तिला सांगितले की म्हातारीला पहिला घास समोर कुणी खाल्ल्याशिवाय खाववत नाही, एवढे तरी आत कळवा. मुलगी म्हणाली की सांगते हं. सांगितले की नाही कुणास ठाऊक. वेल्डा पुन्हा गेली, पुन्हा गेली. चौथ्या खेपेला तिला व्यवस्थापकाने बाहेर येऊन सांगितले की आपण असेच येत राहिलात तर पोलिसांना कळवावे लागेल.

मक्याची कापणी चालू असताना आल्बिना वारली. ब्लांशने येऊन सांगितले. शेवटी शेवटी म्हणे काही खातच नव्हती. डॉक्टर म्हणाले, या आजारात असे होते.

वेल्डाने ऐकून घेतले आणि विचारले, "कुणी आधी खाऊन दाखवलं का तिला?"

ब्लांशला प्रश्न कळला नाही. मग कळला, आणि ती खाली बसली. तिथेच, वेल्डाच्या अरुंद पलंगावर बसून, तिने एक गोष्ट सांगितली. दोन हजार साली तिने त्या वाक्याला होकार दिला होता. चर्चमध्ये सांगितले होते म्हणून दिला. ती रडत म्हणाली, "मला वाटलं ते टीव्हीवरचे लोक. कॅलिफोर्नियाचे. शप्पथ सांगते वेल्डा, तुम्हा दोघींचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

"आम्ही समोरच राहत होतो," वेल्डा म्हणाली.

खाली धुण्याची यंत्रे फिरत होती. मग वेल्डाने सांगितले की कुणा आमदाराने ते वाक्य काढायचा ठराव मांडला आहे. नव्या वर्षात लिंकनला विधिमंडळापुढे सुनावणी आहे, तिथे कुणीही उभे राहून बोलू शकते. मी जाणार आहे. तू चल. आत्ता मला सांगितलेस तेवढेच तिथे सांग. ब्लांशने डोळे पुसले आणि येते म्हणाली. मनापासून म्हणाली.

सुनावणीच्या सकाळी वेल्डाने तिच्या दारापुढे गाडी उभी केली. ब्लांश बाहेर आली ती सपाता घालून, अंगावर कोट नव्हता. हातात फडक्याखाली झाकलेली बशी होती. नवरा म्हणतो की उगाच कशाला, ती सांगू लागली, आणि नातीचा चर्चमधला संस्कार आहे वसंतात, आणि लोक काय म्हणतील ते तुला माहीतच आहे. मी मनाने तुझ्याबरोबर आहे. पहाटे उठून कोलाच केलेत, आलुबुखार भरलेले गोड पाव, तुला आवडतात ते. वाटेत खा.

बशी गरम होती. वेल्डाने ती गाडीच्या खिडकीतून घेतली, क्षणभर मांडीवर ठेवली, आणि परत तिच्या हातात दिली.

"ब्लांश, या गावानं मला खायला कधीच कमी केलं नाही," ती म्हणाली. "मला साक्षीदार हवा होता."

लिंकनला ती एकटीच बोलली. काय झाले ते सांगितले: शिपाई, दोरी, कुत्रा, शपथ, घास. तिच्यानंतर एका बाईने सांगितले की अशाने कुटुंबे मोडतील. अध्यक्षांनी दोघींचे सारख्याच सौजन्याने आभार मानले. त्या वर्षी ठराव समितीतच अडकला, मतदानापर्यंत गेला नाही. बाहेर पडताना एका कारकुनाने वेल्डाला विचारले की आपल्याबरोबर आणखी कुणी आहे का, नाव नोंदवायला. ती म्हणाली, आज नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती ब्रेझनोतल्या घराघरांत जाऊ लागली. काम सुटले की रोज एक घर. दार उघडले की माणसे ओशाळायची, आत ये म्हणायची, कॉफी घे म्हणायची. ती आत जात नसे आणि काही घेत नसे. भांडतही नसे. पायरीवर उभी राहून ती एकच विचारायची.

"दोन हजार साली मतपत्रिकेवर तुम्ही कुठे खूण केली होती?"

आणि उत्तर मिळेपर्यंत, बर्फ पडत असले तरी, ती तिथून हलत नसे.